न लागलेली जोड

जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत सगळ्यात अवघड काम पैलवानाचं नसतं, जोड लावणाऱ्या पंचाचं असतं. रेवडीच्या आणि नारळाच्या कुस्त्या उरकल्या, पोरांनी अंगावरची माती झटकली की मोठ्या इनामाच्या कुस्त्या सुरू होतात. पंच एका पैलवानाचा हात धरून त्याला फडात फिरवतो. समोरून कोणी लंगोट आवळत उठला की दोघांना शेजारीशेजारी उभं करतो. मान बघतो, मांड्या बघतो, वय विचारतो, तालीम कोणती ते विचारतो. भोवतीची मंडळी ‘जोड बसत नाही’ म्हणून ओरडली की एकाला खाली बसवून दुसरा उठवायचा. कुस्ती पाच मिनिटांत निकाली निघते, पण ती लागायला कधीकधी अर्धा तास जातो. बाहेरच्या माणसाला ही घासाघीस वेळखाऊ वाटेल. ज्याला कुस्ती कळते त्याला ठाऊक असतं, की निकालाचा निम्मा भाग इथेच ठरून जातो.

फुटबॉलचे दर्दी जगभर असाच एक खेळ खेळत असतात: वेगवेगळ्या काळातल्या थोर संघांची जोड लावण्याचा. १९७० चा ब्राझील आणि १९५४ चा हंगेरी समोरासमोर आले तर? सलग पाच युरोपियन कप जिंकणारा १९५६ ते १९६० चा रेआल माद्रिद आणि पुढच्या शतकातला मेस्सीचा बार्सिलोना? शहाणीसुरती माणसं याला रिकामटेकडा उद्योग म्हणतात. मला तसं वाटत नाही. मात्र या उद्योगात लोक ज्यावर तावातावानं भांडतात तो निकाल मुळात दुय्यम आहे. काल्पनिक सामन्याचा निकाल शिट्टी वाजल्यावर ठरत नाही, अटी लिहितानाच ठरतो. म्हणून अशा जोडीतून काही शिकायचं असेल तर ते निकालातून मिळणार नाही, अटींतून मिळेल. हे तपासायला ब्राझील आणि हंगेरीपर्यंत जायची गरज नाही. हिंगोलीच्या माणसाला घरचीच एक जोड लावता येते, आणि ती फार कुणी लावलेली नाही.

त्यातला पहिला संघ हैदराबाद सिटी पोलीस. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी तो परभणीचा भाग होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणीसकट सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मधल्या ‘पोलीस ॲक्शन’नं हे संस्थान भारतात आलं. त्यानंतर दोनच वर्षांनी हैदराबादच्या पोलिसांनी उलट दिशेनं एक स्वारी केली, तीही थेट मुंबईवर. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप हा तेव्हा मुंबईतला सगळ्यात मानाचा फुटबॉल कप होता. पहिली कित्येक दशकं तो गोऱ्या पलटणींच्याच घरात राहिला आणि १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सनं तो पहिल्यांदा हिंदी माणसांकडे आणला. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो १९५० साली जिंकला. मग १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ मध्येही जिंकला. सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावरून कप थेट हैदराबादला. मधल्या मध्ये १९५० आणि १९५४ चा ड्युरँड कपही त्यांनीच नेला. संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शाळामास्तर होते. भारतीय संघाचे प्रशिक्षकही तेच. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदकं त्यांच्याच हाताखाली आली. आज या संघाचं नाव मराठी क्रीडालेखनात जवळपास दिसत नाही. का दिसत नाही, याकडे नंतर वळू.

दुसरा संघ गोव्याचा, डेंपो. पोलिसांसमोर उभा करायला याच्याइतका तोलामोलाचा गडी मराठी मुलखाच्या आसपास दुसरा नाही. आर्मांदो कोलासो यांच्या हाताखाली डेंपोनं २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली, मग तिचं नाव आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी तीनदा. आठ हंगामांत पाच विजेतेपदं. २००८ मध्ये हा संघ एएफसी कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, बचावात समीर नाईक आणि महेश गवळी, शिवाय चेंडू पायाला चिकटवून खेळणारा ब्राझीलचा बेटो, आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्यानं २०११-१२ च्या एका हंगामात ३२ गोल ठोकले. म्हणजे आकडाही बरोबरीचा निघाला, इकडे पाच आणि तिकडे पाच. आता दोघांना शेजारी उभं करून बघू.

उभं करताच पहिली पंचाईत होते. खेळायचं कशात? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात निम्मेअधिक खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या गुंडाळून खेळत. चेंडू चामड्याचा, वाद्या आवळलेला. पाऊस पडला की पाणी पिऊन धोंड्यासारखा जड होणारा. डोक्यावर घ्यायचा तर वादीची बाजू कपाळावर येणार नाही याची काळजी घ्यावी लागे. भारतात सामने बहुधा ७० मिनिटांचे असत. बदली खेळाडू ही कल्पना विश्वचषकातसुद्धा पहिल्यांदा १९७० साली आली, म्हणजे पाय मुरगळला तर लंगडत खेळा नाहीतर दहाजणांत भागवा. आपल्या गड्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ चा. त्याआधी एका गोलची आघाडी घेतली की चेंडू गोलरक्षकाकडे परत परत देत वेळ काढता येई. आणि रँटी, बेटोचं काय? पोलिसांच्या संघात परदेशी कुणी नव्हतं. ‘दोघांनी आपापल्या देशातले अकरा उतरवायचे’ एवढी एकच ओळ अटीत घातली तर डेंपोची पुढची फळी अर्धी रिकामी होते. पंचानं तीन-चार वाक्यं लिहिली नाहीत तोच सामन्याचं पारडं दोनदा कलंडून झालं.

अटींनीच निकाल लागतो, हे मी तर्कानं सांगतोय असं वाटू नये म्हणून एक घडलेलं उदाहरण देतो. खेळ फुटबॉल नाही, मुष्टियुद्ध आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मरी वोरोनर नावाच्या निर्मात्यानं इतिहासातल्या नामांकित हेवीवेट योद्ध्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या. त्यात महंमद अली एका जुन्या योद्ध्याकडून हरला असं दाखवलं गेलं. अली इतका चिडला की त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. दावा मिटला तो अशा तोडग्यावर, की अलीनं निवृत्त रॉकी मार्सियानोबरोबर एका चित्रपटासाठी लुटुपुटूची लढत करायची. दोघं खरोखर रिंगणात उतरले, कॅमेऱ्यासमोर कितीतरी फेऱ्या हलक्या हातानं खेळले आणि वेगवेगळे शेवट चित्रित केले गेले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत चित्रपट लागला तेव्हा मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवतो असं लोकांनी पाहिलं. तोवर खरा मार्सियानो विमान अपघातात जाऊन काही महिने उलटले होते. युरोपातल्या प्रेक्षकांना मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. संगणक तोच आणि योद्धेही तेच. निकाल बदलला तो प्रेक्षक बदलल्यामुळे. आज मुलं मोबाइलवर आणि प्लेस्टेशनवर जुन्या-नव्या संघांच्या लढती लावतात, त्यातही वेगळं काही घडत नाही. १९५३ च्या आघाडीवीराच्या वेगाला शंभरापैकी किती गुण द्यायचे हे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं, आणि यंत्र तेवढंच प्रामाणिकपणे परत सांगतं.

अटींचा खेळावर नेमका किती परिणाम होतो, याचा अंदाज बांधायला भारतीय फुटबॉलनं एक फार चांगला प्रयोग करून ठेवलाय, अर्थात न ठरवता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जुलैच्या शेवटच्या दिवशी भारत फ्रान्सविरुद्ध खेळला. बहुतेक गडी अनवाणी होते. सामना २-१ असा हातचा गेला आणि भारतानं दोन पेनल्टी वाया घालवल्या. म्हणजे उन्हाळ्यातल्या मैदानात बिनबुटाचा पाय युरोपच्या बुटाला पुरून उरायच्या बेतात होता. चार वर्षांनी हेलसिंकीला तोच अनवाणी खेळ गारठ्यात गेला, समोर युगोस्लाव्हिया होता आणि निकाल लागला १०-१. त्या धक्क्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. यावेळी दुसऱ्या अर्धात पहिला गोल भारतानं केला. शेवटी ४-१ नं हरलो खरे, पण काही मिनिटं का होईना ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचं दार उघडं दिसत होतं. यावर कोणी म्हणेल की १९५६ चा युगोस्लाव संघ १९५२ च्या संघाइतका दांडगा नव्हता. खरं आहे, आणि त्यामुळे सगळं श्रेय बुटांना द्यायला मीही तयार नाही. पण लंडन, हेलसिंकी आणि मेलबर्न ही तीन शहरं एका ओळीत ठेवली की एवढं नक्की दिसतं, की एकाच पिढीचा खेळ हवा आणि पादत्राण बदलताच ओळखू न येण्याइतका बदलतो. पाच रोव्हर्स कपांचा काळ नेमका या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे, काही विजेतेपदं सक्तीच्या आधीची आणि काही नंतरची. मला पोलिसांच्या विक्रमात सगळ्यात बोलका तपशील वाटतो तो हाच. बूट आले म्हणून त्यांची मालिका तुटली नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. अटींचा एवढा घोळ असेल तर सामना कशाला कल्पायचा? सरळ वर्चस्व मोजा. आपापल्या काळात जो संघ इतरांच्या जितका पुढे, तितका तो थोर. ही पद्धत खोटी नाही. बुद्धिबळासाठी अर्पाद एलो यांनी जी गुणपद्धत बसवली तिचा गाभा हाच आहे: तुमचे गुण तुम्ही कोणाला हरवता त्यावरून वाढतात. फिफानंही २०१८ पासून देशांची क्रमवारी त्याच धर्तीवर काढायला घेतली. या मापानं पोलिसांचं वजन किती भरतं ते बघू. समजा, कप जिंकायला दरवर्षी चार सामने जिंकावे लागतात असं हिशोबापुरतं धरलं, तर पाच वर्षांत ओळीनं वीस सामने झाले. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के असली, जी कोणत्याही संघाला हेवा वाटावा अशी आहे, तरी वीसच्या वीस जिंकण्याची शक्यता जेमतेम एक टक्का उरते. ९० टक्के धरली तर १२ टक्के. पाच कप ओळीनं मिळण्याची शक्यता निम्मी तरी व्हायला हवी असेल तर एकेका सामन्यात ती ९६-९७ टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. बाद फेरीची स्पर्धा एका वाईट दुपारची शिक्षा वर्षभर देते, आणि पोलिसांना पाच वर्षांत अशी एकही दुपार भोवली नाही. डेंपोनं जिंकली ती साखळी. २०११-१२ मध्ये चौदा संघ होते आणि प्रत्येकाला २६ सामने. साखळीत चार-पाच पराभव पचवूनही अव्वल राहता येतं. तिथे कस लागतो तो लांबच्या प्रवासांचा, दुखापतींचा आणि बाकावर बसलेल्या पंधराव्या-सोळाव्या गड्याचा. दोन्ही परीक्षाच आहेत, पण विषय वेगळे.

तरीही वर्चस्वाच्या या मापाला एक छिद्र आहे, आणि ते क्रिकेटवरून चटकन समजेल. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर तसं कोणालाच जमलेलं नाही, मुंबईलाही नाही. याचा अर्थ नंतरचे संघ कमजोर निपजले असा होत नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञानं बेसबॉलमधल्या अशाच एका कोड्याचा उलगडा केला. तिथे १९४१ मध्ये टेड विल्यम्सनं .४०६ ची सरासरी गाठली आणि पुढे कोणी .४०० ओलांडलीच नाही. फलंदाज बिघडले नव्हते. खेळ सगळ्यांनाच नीट यायला लागला होता, त्यामुळे सगळ्यात चांगल्यातलं आणि मध्यम दर्जातलं अंतर आटलं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या शिवाराला पाणी मिळालं की विहिरीकडेचं एकच पीक डोळ्यांत भरत नाही. १९५० च्या भारतात पद्धतशीर प्रशिक्षण मिळणारे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रहीम यांच्यासारखा माणूस एका संघाला लाभला की तो इतरांच्या कोसभर पुढे जाणारच. डेंपोसमोर चर्चिल, साळगावकर, महिंद्रा युनायटेड, मोहन बागान, ईस्ट बंगाल असे पगारी, प्रशिक्षित, परदेशी खेळाडू बाळगणारे संघ होते. त्यांच्यात वीतभर पुढे राहणंही सोपं नव्हतं. म्हणून कोसभर अंतर आणि वीतभर अंतर सरळ एकमेकांशी तोलता येत नाही. पण गूल्डचा दाखला देऊन पोलिसांना निकालात काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की तो काळ काही मोकळं रान नव्हता. आप्पाराव, वेंकटेश, धनराज, सालेह आणि अहमद खान या पाच आघाडीवीरांचा ईस्ट बंगाल, ज्यांना कोलकात्यात पंचपांडव म्हणत, तो ऐन भरात होता तो याच वर्षांत, आणि १९४९ चा रोव्हर्स कप त्यांचाच होता. त्यांच्या हातचा कप पुढच्या वर्षी हैदराबादला गेला.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो, कारण तो करणारे बहुतेकदा खरंच फुटबॉल पाहणारे असतात. ते म्हणतात, एवढा विचार कशाला, उत्तम संघ कोणत्याही अटीत जिंकतोच. जिंकत नाही. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की नशिबाला शिरायला भरपूर जागा मिळते. एक संघ सरासरी दोन गोल करणारा आणि दुसरा एक गोल करणारा, म्हणजे दुपटीनं फरक, असं धरू. सरासरी एक गोल करणारा संघ शंभरापैकी ३७ सामन्यांत एकही गोल करत नाही, हे उघड. पण सरासरी दोन गोलवालाही १३-१४ सामन्यांत कोराच राहतो. असे सगळे निकाल मांडून बेरीज केली तर शंभर सामन्यांत बलवान संघ सुमारे ६१ जिंकतो, २१ बरोबरीत सुटतात आणि १८ तो चक्क हरतो. दुपटीनं चांगला असूनही अठरा पराभव. १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीनं पश्चिम जर्मनीला गटात ८-३ असं तुडवलं आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीकडून ३-२ नं मात खाल्ली. आपलं उदाहरणही आहेच. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये भारत पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला, आणि सुवर्णपदक जिंकलं ते त्याच कोरियाला अंतिम फेरीत २-१ नं हरवून. स्पर्धा तीच, शहर तेच, प्रशिक्षक तेच रहीम. एक गोल पीके बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नैल सिंगचा, जो खरा बचावपटू, पण डोक्याला जखम झाल्यामुळे पुढे आघाडीवर खेळवला होता. खऱ्या, जिवंत, तेच चेहरे असलेल्या संघांमधला सामना आठवड्या-दीड आठवड्यात उलटा फिरत असेल, तर साठ वर्षांच्या अंतरावरच्या संघांचा एकच एक निकाल सांगणं म्हणजे आभाळ न बघता पाऊस सांगणं. काल्पनिक सामन्याचं प्रामाणिक उत्तर ‘अमुक जिंकेल’ असं असूच शकत नाही. ते ‘शंभरात इतके’ असंच असायला हवं.

तिसरा आक्षेप सगळ्यात कडक आहे आणि त्यातला पहिला भाग मला मान्यही आहे. आजचा खेळाडू जिममध्ये घडलेला, आहारतज्ज्ञाचं ऐकणारा. मधल्या फळीतला गडी एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो. १९५२ चा संघ उचलून तसाच २०१२ च्या मैदानात ठेवला तर तासाभरात त्याचा दम संपेल. अगदी बरोबर. पण ही अट लावली की जोड दोन संघांची राहत नाही, दोन जमान्यांची होते, आणि जमान्यांच्या कुस्तीत नवा जमाना जिंकणार हे सांगायला पंच कशाला हवा? उलटी अट लावा: डेंपोच्या गड्यांना बूट काढायला सांगा, ओला जड चेंडू द्या, कोणी पडला तर बदली नाही, आणि सामना सत्तर मिनिटांचा. माझ्या हिशोबानं तिथे पोलीस शंभरात सत्तरच्या वर सामने नेतील. या दोन्ही अटी सोप्या आहेत आणि दोन्हींतून नवं काही कळत नाही. कस लागतो तो तिसऱ्या अटीत: दोघांना एकाच काळात जन्माला घाला, तीच मैदानं द्या, तेच खाणंपिणं, आणि मग बघा कोण काय शिकतं.

या अटीत खेळाडूंच्या बरोबरीनं प्रशिक्षक मैदानात उतरतो, आणि म्हणूनच मला ती न्याय्य वाटते. रहीम यांच्या सरावाबद्दल हैदराबादेत अजून सांगतात त्या दोन गोष्टी इथे कामाला येतात. एक म्हणजे ते अशा स्पर्धा भरवत ज्यांत चेंडू पायात खेळवत पळायची मनाईच असे. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरी म्हणजे अशा स्पर्धा, ज्यांत फक्त कमजोर पायानं खेळायचं. उजव्या पायानं सगळं साधणाऱ्या पोराला तासभर डाव्यानं खेळायला लावलं तर काय होतं? पहिले काही दिवस चेंडू भलतीकडेच जातो, पोर वैतागतं. पण महिन्याभरात त्याला चेंडू सोयीच्या पायावर घ्यायला लागणारं अर्धं पाऊल वाचायला लागतं. आणि फुटबॉलमध्ये अर्ध्या पावलात बचावपटू मागे पडतो. हे शिक्षण बुटावर, चेंडूवर किंवा मैदानावर अवलंबून नाही. ते २०१२ मध्येही तितकंच उपयोगाचं ठरलं असतं. किंबहुना आज जगातल्या मोठ्या अकादम्या पोरांना एक-स्पर्शाचा खेळ आणि दोन्ही पाय हेच तर शिकवतात. कोलासोंचं बळ वेगळ्या जातीचं होतं. त्यांनी एकच गाभा वर्षानुवर्षं सांभाळला, गोव्यातल्या पोरांना घरच्यासारखं वागवलं आणि परदेशी खेळाडू त्यांच्याभोवती गुंफला. लीगच्या लांबलचक हंगामाला हेच लागतं. म्हणून सव्वीस सामन्यांची साखळी खेळवली तर माझं मत डेंपोला. एकाच काळात जन्मलेले दोन संघ, दोन्हीकडे फक्त देशी गडी, आणि चार फेऱ्यांची बाद स्पर्धा असेल तर माझं मत पोलिसांना, पण शंभरात पंचावन्न-साठ एवढंच. जो याहून जास्त ठामपणे बोलेल त्यानं अटी नीट वाचलेल्या नाहीत, असं मी समजेन.

मग पोलिसांचा संघ अशा याद्यांत दिसत का नाही? थोर संघांच्या याद्या बऱ्याचशा कॅमेरा बनवतो. १९७० चा विश्वचषक रंगीत प्रक्षेपणाचा पहिला विश्वचषक. त्या ब्राझीलचे पिवळे सदरे जगाच्या डोळ्यांत जसे भरले तसे हंगेरीचे १९५४ चे राखाडी चित्रफितीतले सदरे कधीच भरले नाहीत, मग खेळ कितीही सरस असो. डेंपोचे सामने टीव्हीवर दिसले. कूपरेजवरचे ते पाच अंतिम सामने ज्यांनी तिथे उभं राहून पाहिले त्यांच्याबरोबरच गेले. पण पोलिसांच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या जोडीला नकाशाही नडला. हैदराबाद राज्यच उरलं नाही. त्याचे तेलुगू, कन्नड आणि मराठी असे तीन भाग तीन दिशांना गेले. पोलिसांचा वारसा आंध्र पोलिसांनी चालवला आणि त्यांची आठवण हैदराबाद शहरात राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला निजामाच्या राज्यातून ज्या गोष्टी आल्या त्यांत हा संघ कोणी मोजलाच नाही. मुंबईच्या क्रीडालेखकांच्या लेखी तो कप पळवून नेणारा परका संघ, आणि आंध्रच्या लेखी हिंगोली, परभणी, नांदेड ही आता दुसऱ्या राज्यातली गावं. कळमनुरीत किंवा वसमतला १९५४ मध्ये कोणी रोव्हर्स कपाची बातमी वाचली असेल, तर त्याच्या दृष्टीनं मात्र ‘आपला’ संघ तोच होता, आणि सामना झालेलं शहर परक्या राज्यातलं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे उलटलं. हिंगोली मुंबई राज्यात आली. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यात भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. आणि मैदानाच्या कडेला बसले होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे मास्तर.